मनोरे मोजू नका, छपरं मोजा : केनियातल्या टीव्हीच्या वाढीविषयी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या दूरचित्रवाणीवर आलेला लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल आभार. मराठी वर्तमानपत्रांत तो क्वचितच येतो. मात्र लेखाचा हिशेब पटला नाही. वाहिन्या दोनाच्या दहा झाल्या, दहाच्या साठ झाल्या, म्हणजे टीव्ही वाढला, असा त्याचा सूर आहे. अँटेना, केबल आणि सेटटॉप बॉक्सच्या धंद्यातला माणूस असा हिशेब करणार नाही. मनोऱ्यावरून काय सुटलं आणि घरात काय पोचलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधलं अंतर कसं पडतं हे केनियाच्या उदाहरणात फार स्वच्छ दिसतं.

आधी एक दुरुस्ती. 'आफ्रिकेत टीव्ही उशिरा आला' हे वाक्य सरसकट लिहिता येत नाही. नायजेरियात इबादान इथून ३१ ऑक्टोबर १९५९ ला प्रक्षेपण सुरू झालं; आपल्या दिल्लीतलं प्रायोगिक केंद्र त्याच वर्षी १५ सप्टेंबरचं, म्हणजे फरक दीड महिन्याचा. केनियात टीव्ही १९६२ ला आला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. नैरोबी मुंबईच्या दहा वर्षं पुढे होती. उलट पैशाला कमी नसलेल्या दक्षिण आफ्रिकेत नियमित प्रक्षेपण ५ जानेवारी १९७६ ला सुरू झालं, कारण तिथल्या सरकारलाच ते नको होतं. टांझानियात झांझिबार बेटावर १९७३ ला थेट रंगीत टीव्ही आला आणि मुख्य भूमीला १९९४ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा गरिबी हे एकच कारण सगळीकडे चालत नाही.

आता केनिया. पहिलं प्रक्षेपण केंद्र नैरोबीच्या वायव्येला लिमुरू इथे एका शेतघरात उभं राहिलं. जागा नेमकी हेरलेली होती. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १,७०० मीटरवर, लिमुरू २,२०० च्या आसपास. म्हणजे पाचशे मीटर उंचीचा मनोरा निसर्गानेच फुकट बांधून दिलेला. आमच्या धंद्यात एक सोपं सूत्र आहे : दोन्ही टोकांच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, की सरळ दृष्टिरेषेचा पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. सोलापूरसारख्या सपाट पठारावर १०० मीटरचा मनोरा आणि गच्चीवर ९ मीटरचा पाइप धरला तर पल्ला येतो ५३-५४ किलोमीटर. लिमुरूच्या कड्यावरून, नुसती डोंगराची उंची धरली तरी, तो शंभराच्या वर जातो.

पण हा कागदावरचा पल्ला झाला. सुरुवातीला प्रक्षेपकाची ताकद इतकी कमी होती की चित्र जेमतेम २४ किलोमीटरच्या परिघात दिसायचं. शिवाय त्याच कड्याच्या पश्चिमेला जमीन एकदम तुटून खाली जाते. ती रिफ्ट व्हॅली, म्हणजे जमीन खचून झालेली लांबलचक दरी. कड्याच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीला मनोरा हाकेवर असूनही मधली दरड सिग्नल अडवते. नकाशावर वर्तुळ काढून 'इतक्या लोकसंख्येपर्यंत प्रक्षेपण पोचलं' म्हणणारे आकडे इथेच फसतात. वर्तुळात आलेला प्रत्येक माणूस सावलीबाहेर असतोच असं नाही.

१ जुलै १९६४ ला सरकारने नभोवाणी आणि टीव्ही दोन्ही ताब्यात घेतले, नाव ठेवलं 'व्हॉइस ऑफ केनिया'. १९७० मध्ये मोम्बासाला केंद्र आलं. पुढली वीस वर्षं देशात एकच वाहिनी. आपल्याकडेही त्या काळात दूरदर्शनशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

१९९० मध्ये केटीएन ही पहिली खासगी वाहिनी नैरोबीत आली, आणि ती यूएचएफच्या (आखूड लहरींच्या पट्ट्यातल्या) ६२ व्या चॅनेलवर. लेखात ही घटना 'स्पर्धेची सुरुवात' म्हणून एका ओळीत येते. छपरावर तिचा अर्थ वेगळा होता. ६२ वा चॅनेल म्हणजे ७९८ ते ८०६ मेगाहर्ट्झ. या लहरीची अर्धी लांबी १९ सेंटिमीटरही भरत नाही. त्याआधीच्या व्हीएचएफ (लांब लहरींच्या) अँटेनाच्या दांड्या, २०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालायच्या तर पाऊण मीटरच्या. त्याखालच्या पट्ट्यात अडीच-तीन मीटरच्या. पाऊण मीटरची दांडी १९ सेंटिमीटर अर्ध्या लांबीच्या लहरीला नीट धरत नाही. त्यामुळे नव्या वाहिनीसाठी नवी अँटेना, आणि जुना टीव्ही फक्त व्हीएचएफ ट्यूनरचा असेल तर सेटही नवा. वाहिनी फुकट होती, तिच्यासाठीचं सामान फुकट नव्हतं. (आज तोच पट्टा टीव्हीकडून काढून मोबाइल इंटरनेटकडे गेला आहे. त्या काळात हौसेने घेतलेल्या खास ६२ च्या अँटेना आता कपडे वाळत घालण्याच्याच कामाच्या.)

खेड्यात तर प्रश्न अँटेनाच्याही आधीचा, विजेचा होता. इथे केनियाने जे केलं त्याची दखल लेखात यायला हवी होती. ग्रामीण केनियात सौरपॅनेल सरकारी योजनेतून कमी आणि दुकानातून रोखीने जास्त विकले गेले, आणि ते घेण्यामागे दिव्याइतकीच, कित्येक घरांत दिव्यापेक्षा जास्त, ओढ टीव्हीची होती. ठरलेला संच असा : १० ते १४ वॅटचं छोटं पॅनेल, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि १२ व्होल्टवर थेट चालणारा, साधारण १५ वॅट खाणारा कृष्णधवल टीव्ही. १४ वॅटचं पॅनेल पाच तास चांगलं ऊन मिळालं तर ७० वॅट-तास देतं. बॅटरी आणि तारांतली गळती वजा जाता हातात ४५-५० उरतात. म्हणजे रोज तीन तास टीव्ही, आणि दिवा लावला तर त्यातून वजा.

बिघाडही ठरलेला होता. चार्ज कंट्रोलर (बॅटरी फार भरू किंवा फार रिकामी होऊ न देणारी पेटी) हा पैसे वाचवायचा पहिला भाग, तो कोणी घ्यायचं नाही. मग बातम्या संपेपर्यंत, चित्र आक्रसेपर्यंत बॅटरी ओढायची. गाडीची बॅटरी इंजिनला एक झटका देण्यासाठी बनवलेली असते, रोज तळापर्यंत रिकामी करण्यासाठी नव्हे. तशी केली की प्लेटवर सल्फेट बसतं आणि वर्ष-दोन वर्षांत ती चार्ज धरेनाशी होते. दुसरी चूक तारेची. पॅनेल पत्र्यावर, बॅटरी आतल्या खोलीत आणि मधे बारीक घरगुती वायर. १२ व्होल्टवर एक व्होल्टसुद्धा वायरीत गेला तर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. आपल्याकडे शेतातल्या वस्तीवर सौरदिवे लावताना हीच चूक अजून होते.

एलईडी टीव्ही आल्यावर हे गणित पालटलं. २१ इंची जुना पिक्चर ट्यूबचा सेट ७०-८० वॅट खातो आणि वर इन्व्हर्टर लागतो. १२ व्होल्ट २० अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची म्हटलं तर हातात १२० वॅट-तास, म्हणजे जुन्या सेटवर सव्वा तास. तेवढ्याच बॅटरीवर १५ वॅटचा छोटा एलईडी आणि ६ वॅटचा सेटटॉप बॉक्स साडेपाच तास चालतो. २०१६ पासून एम-कोपा या कंपनीने केनियात १६ इंची डिजिटल टीव्ही, पॅनेल आणि बॅटरी असा संच मोबाइलवरून रोज थोडे थोडे पैसे भरून द्यायला सुरुवात केली. हप्ता चुकला की संच बंद, भरला की चालू. ट्यूनर टीव्हीच्या आतच असल्याने वेगळ्या बॉक्सची वीजही वाचते. माझ्या मते टीव्हीच्या वाढीत या गोष्टीचं वजन दहा नव्या वाहिन्यांपेक्षा जास्त आहे.

आता लेखात ज्याला 'डिजिटल क्रांती' म्हटलं आहे त्याकडे येतो. केनियाने डिसेंबर २००९ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं ते डीव्हीबी-टी (मनोऱ्यावरून थेट अँटेनावर येणाऱ्या डिजिटल टीव्हीची पहिली पिढी) या पद्धतीने. थोड्याच काळात निर्णय फिरला आणि देश डीव्हीबी-टी२ या पुढच्या पिढीकडे गेला. तांत्रिकदृष्ट्या निर्णय बरोबर होता. ८ मेगाहर्ट्झच्या ज्या जागेत ॲनालॉगची, म्हणजे जुन्या पद्धतीची, एक वाहिनी मावायची, तिथे टी२ आणि एमपेग-४ (चित्र आवळून कमी जागेत बसवण्याची पद्धत) यांच्या जोडीने साध्या दर्जाच्या पंधरा-वीस वाहिन्या मावतात. टी मध्ये त्याहून कमी. पण ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवून पहिल्याच वर्षी टी चा बॉक्स घेतला, त्यांच्या हातात डबडं उरलं. टी२ चा सिग्नल सोडवणारी चिपच वेगळी असते. सॉफ्टवेअर बदलून जुना बॉक्स टी२ चा होत नाही. टी२ चा बॉक्स मात्र टी चंही प्रक्षेपण घेतो. म्हणजे घाई करणारा बुडाला, थांबणारा वाचला. पुढे लोक बॉक्स घ्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ का करत होते, याचं एक मोठं कारण इथे आहे. त्याला 'जनजागृतीचा अभाव' म्हणणं लोकांवर अन्याय करणारं आहे.

ॲनालॉग बंद करायच्या तारखा २०१२ पासून पुढे पुढे ढकलल्या गेल्या. वाद कोर्टात गेला. प्रक्षेपणाचे परवाने सरकारी सिग्नेट आणि चिनी भांडवलाच्या पँग या दोन कंपन्यांना मिळाले होते. तीन मोठ्या माध्यमसमूहांचं म्हणणं होतं की आमच्या वाहिन्या दुसऱ्याच्या मनोऱ्यावरून का जाव्यात. अखेर १४ फेब्रुवारी २०१५ ला नियामक अधिकारी पोलीस घेऊन पोचले ते त्याच लिमुरूला, आणि या समूहांचे ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. एनटीव्ही, केटीएन आणि सिटिझन या देशातल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या जवळजवळ तीन आठवडे पडद्यावर नव्हत्या. मार्चमध्ये त्या स्वतःच्या डिजिटल जाळ्यावरून परतल्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने या भागासाठी ठरवलेली अंतिम तारीख १७ जून २०१५ होती. केनियाने ती पाळली, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेसारख्या मोठ्या देशांना ती पाळता आली नाही.

वाहिन्या परतल्या, पण घरात लगेच दिसल्या का? इथे कामाचा तपशील द्यावा लागेल.

पहिली गोष्ट, नवं जाळं म्हणजे नवी फ्रिक्वेन्सी. बॉक्सला पुन्हा स्कॅन दिल्याशिवाय वाहिनी यादीत येत नाही. दुसरी, सिग्नल आता वेगवेगळ्या जाळ्यांतून, काही गावांत वेगवेगळ्या मनोऱ्यांवरून येणार. यागी अँटेना (छपरावरची नेहमीची, ओळीने दांड्या असलेली) एकाच दिशेला तोंड करते. एकाकडे वळवली की दुसरा जातो. तिसरी, दांड्या आडव्या की उभ्या. मनोरा उभ्या ध्रुवणात, म्हणजे उभी डोलणारी लहर, सोडत असेल आणि अँटेना आडवी असेल तर वीस डेसिबेलपर्यंत (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) मार बसतो. नवशिक्या माणसाच्या हे लक्षातच येत नाही, तो दिशा फिरवत बसतो. शेजाऱ्याची चालू अँटेना कशी आहे हे पाहणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

आणि मुख्य मुद्दा असा की ॲनालॉग हळूहळू बिघडतो, डिजिटल एकदम. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला तर पडद्यावर मुंग्या येतात, आवाज खरखरतो, पण माणूस मॅच पाहू शकतो. टी२ ला सिग्नल आणि गोंगाट यांत साधारण वीस डेसिबेलचं अंतर लागतं. एकवीस असेल तर चित्र आरशासारखं, अठरा झाले की चौकोन फुटतात आणि मग 'नो सिग्नल'. त्यामुळे ज्या घरांत वर्षानुवर्षं मुंग्यांसकट टीव्ही चालत होता, तिथे बॉक्स आणल्यावर काहीच लागलं नाही. दोष बॉक्सचा नव्हता. गंजलेली अँटेना आणि जुनी वायर ॲनालॉगने पोटात घातली होती, डिजिटलने घातली नाही.

वायरीचा हिशेब तर कोणी करतच नाही. अँटेनाची चांगली आरजी-६ जातीची केबल ६०० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे १६-१७ डेसिबेल खाते, म्हणजे वीस मीटरला तीन-साडेतीन. बारीक आरजी-५९ त्याहून जास्त. मधे दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की आणखी साडेतीन-चार. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की हिशेबच संपला. त्यासाठी केबल घरात घेण्याआधी खाली एक वळसा सोडायचा, पाणी तिथे टपकतं. बूस्टर लावायचाच तर अँटेनाजवळ पाइपवर. टीव्हीमागे लावलेला बूस्टर सिग्नलबरोबर वायरीतला गोंगाटही वाढवतो. आणि मनोऱ्याजवळ, शहरात, बूस्टर लावूच नये. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंग्थ ९५ आणि क्वालिटी १० दिसली की समजावं, जास्त सिग्नलने ट्यूनर गुदमरतोय. बूस्टर काढला की चित्र येतं. काही अँटेनांच्या आत बूस्टर असतो आणि त्याला बॉक्समधून ५ व्होल्ट लागतात. मेनूतला तो पर्याय बहुधा बंद असतो, आणि अँटेना खराब म्हणून दुकानात परत जाते.

आता आकडे पाहा. केनियाच्या २००९ च्या जनगणनेत २८ टक्के घरांत टीव्ही होता, २०१९ च्या जनगणनेत साधारण ४१ टक्के. याच दहा वर्षांत वाहिन्या कितीतरी पटींनी वाढल्या आणि टीव्ही असलेल्या घरांचं प्रमाण दीडपटीच्याही आत राहिलं. २०१९ ला प्रकाशासाठी ग्रिडची वीज वापरणारी घरं निम्मी आणि सौर वापरणारी एकोणीस टक्के होती. टीव्हीचा आकडा विजेच्या आकड्यामागून चालतो, वाहिन्यांच्या नाही.

डिजिटलचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. जागा मुबलक झाली आणि प्रक्षेपणाचा खर्च वाटून गेला, त्यामुळे स्थानिक भाषांना वाट मिळाली. ॲनालॉग काळात टीव्ही म्हणजे इंग्रजी आणि स्वाहिली. ॲनालॉग बंद झालं त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, किकुयू भाषेतली इनोरो टीव्ही सुरू झाली. ज्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू मालिकांचे आवाज येतात, तिथल्या वाचकाला याचं महत्त्व सांगायला नको. दुसरी बाजूही आहे. सगळं मोजक्या मनोऱ्यांवर गोळा झालं की बटणही मोजकीच उरतात. ३० जानेवारी २०१८ ला विरोधी नेत्याच्या प्रतीकात्मक शपथविधीच्या वेळी सरकारने तीन प्रमुख खासगी वाहिन्यांचं प्रक्षेपण बंद केलं. त्या परतायला साधारण आठवडा लागला.

आपल्याकडे केबलचं डिजिटायझेशन दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ ला झालं, आणि त्या ३८ शहरांत सोलापूर होतं. बॉक्ससाठी झुंबड आपणही पाहिली. पण एक फरक लक्षात घ्यावा. इथे अँटेना, बूस्टर, दिशा, सगळी डोकेदुखी केबलवाल्याच्या कंट्रोल रूमची होती. ग्राहकाने फक्त बॉक्स घ्यायचा होता, तोही केबलवाल्याकडूनच, म्हणजे पद्धत जुळते का हा प्रश्नच नव्हता. केनियात ही सगळी जबाबदारी घरमालकाच्या डोक्यावर टाकली गेली आणि बॉक्सची किंमत सुरुवातीला तीन हजार शिलिंगांच्या वर होती. त्यामुळे 'भारताला जमलं, त्यांना का जड गेलं' हा लेखातला प्रश्न चुकीच्या तुलनेवर उभा आहे.

जाता जाता, केनियाचा आणि आपल्या भागाचा एक जुना संबंध. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांना शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. त्यात कर्नाटकातली खेडी विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली होती, त्यांतले पहिले दोन जिल्हे तर आपल्या सीमेला लागूनच. हा उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्तावर उभा केला होता; त्याच्या बरोबर खाली पश्चिम केनिया येतो, किसुमूजवळचा भाग. विजापूरकडच्या खेड्यांतल्या तीन मीटरच्या जाळीच्या छत्र्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, साधारण ४० अंश वर तोंड करून असायच्या. आज फ्री डिशची छत्री आपण आग्नेयेला ६० अंशांवर लावतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सोलापुरातून टॉवेल-चादरीच्या व्यापारानिमित्त किंवा नोकरीसाठी पूर्व आफ्रिकेत जाणारे लोक आहेत. इथून टीव्ही नेणार असाल तर व्होल्टेजची काळजी नको, तिथेही २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लग मात्र चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश लागतो. सेटच्या माहितीपत्रकात ट्यूनरसमोर डीव्हीबी-टी२ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तिथे थेट अँटेना जोडता येईल. नुसतं 'डिजिटल' किंवा डीव्हीबी-सी (केबलची पद्धत) लिहिलेलं असेल तर वेगळा टी२ बॉक्स घ्यावा लागेल, आणि तो दरमहा पैसे भरायचा नसून फ्री-टू-एअर आहे याची खात्री दुकानातच करून घ्यावी. तिथून इकडे आणलेल्या सेटमधला टी२ ट्यूनर सोलापुरात निरुपयोगी आहे, कारण इथे तसं प्रक्षेपणच नाही. एचडीएमआय वापरून केबलचा किंवा डिशचा बॉक्स जोडला की काम होतं.

कळावे,
आपला,
टीव्ही-अँटेना व्यवसायातील एक वाचक,
सोलापूर